भाडेकरूसकट घर आणि भिंतीत मुरलेला धूर

भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर हलकेच उचलून मागची भिंत पाहा. उचलण्याआधी भाडेकरूला विचारा, कारण कॅलेंडर त्याचं आहे आणि त्यावर दुधाचा हिशेब लिहिलेला असतो. मागे स्वच्छ रंगाचा चौकोन निघाला आणि भोवतालची भिंत त्याहून पिवळट, तपकिरी दिसली, तर त्या खोलीत बराच काळ काहीतरी जळत आलं आहे असं समजा. उन्हाने उडालेली भिंत उलट वागते: उघडा भाग फिका पडतो, झाकलेला गडद राहतो. कॅलेंडर दरवर्षी नवं येतं, खिळा मात्र तोच असतो. त्यामुळे शेवटचा रंग दिल्यापासूनची सगळी नोंद त्या चौकोनात सापडते.

भाडेकरू राहत असलेलं घर घेणाऱ्याला अशा खुणा शोधाव्या लागतात. रिकाम्या घरात निवांत फिरता येतं, कपाटं उघडता येतात, जमिनीवर बसून राहता येतं. इथे तसं नसतं. कुणाचा तरी संसार मांडलेला असतो, खाटेवर मूल झोपलेलं असतं, आणि एजंटाने पाहुणे यायच्या आधीच खिडक्या उघडून, पंखा पाचवर टाकून, अगरबत्ती लावून ठेवलेली असते. त्यात आपलं नाकही भरवशाचं नाही. एकच वास सतत येत राहिला की त्याची जाणीव काही मिनिटांत बोथट होते. म्हणून "आमच्याकडे कसलाच वास नाही हो" म्हणणारी गृहिणी बहुतेक वेळा खोटं बोलत नसते. तिला तो खरोखरच येत नसतो. चहा येईपर्यंत तुमचंही नाक तिच्या बाजूने झालेलं असतं. तेव्हा उंबरा ओलांडतानाचे पहिले चार-पाच श्वास एवढाच तुमचा खरा मुद्देमाल. त्या वेळी बोलत आत शिरू नका. आणि दुसऱ्यांदा जायचं ते भल्या सकाळी, रात्रभर दारं-खिडक्या बंद राहिल्यानंतर.

छत्रपती संभाजीनगरात अशी घरं कुठे घेता, यावर धुराची जात ठरते. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, आणि त्या पट्ट्यात बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी या बाजूला खोल्या भाड्याने देण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. एका खोलीत शिफ्टने काम करणारी तीन-चार मुलं. रात्रपाळी करून आलेला दिवसा खिडक्या लावून झोपतो. सिगारेट असो की मच्छर अगरबत्ती, सगळा धूर आतच राहतो. मच्छर अगरबत्तीला कुणी धूर मानत नाही, ही मोठी चूक. चीन आणि मलेशियातल्या कॉइलवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की एक कॉइल पूर्ण जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते तेवढे सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील. भाडेकरू निर्व्यसनी आहे एवढ्यावर घर बिनधुराचं ठरत नाही.

सिडकोच्या जुन्या छोट्या घरांत वेगळी गोष्ट. तिथे धूर मागच्या दाराने येतो. मागच्या मोकळ्या जागेत आंघोळीच्या पाण्याचा बंब, त्यात पॅकिंगच्या फळ्यांपासून नारळाच्या करवंट्यांपर्यंत मिळेल ते सरपण. पुढे त्या जागेवर पत्रे पडतात, मग भिंत येते, मग तीच भाड्याची एक खोली होते. बंबाची काजळी त्या खोलीच्या आतल्या भिंतीवर राहते आणि वर रंग चढतो. लाकडातलं लिग्निन जळताना ग्वायकॉल आणि त्याच्या जातीची संयुगं तयार होतात. शेकोटीचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो मुख्यतः त्यांचा, आणि पावसाळी हवेत तो भिंतीतून पुन्हा डोकावतो. त्याउलट बाळंतिणीची शेक-शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी, सणासुदीचा ऊद-धूप हे थोड्या दिवसांचे पाहुणे. एवढ्याने घर बाद करू नये. रोज तास-तास धूप चालणारं देवघर असेल तर मात्र त्यावरचं छत बघा.

स्वयंपाकघराचा विषय मराठवाड्यात करडईशिवाय संपत नाही. करडईचं तेल सुकणाऱ्या तेलांपैकी आहे. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचा पातळ थर हळूहळू कडक होतो, आणि याच गुणामुळे रंग आणि वार्निश बनवायला ते वापरतात. फोडणीचा धूर भिंतीवर बसला की तिथे नकळत वार्निशच चढत जातं, आणि त्यात धूळ, काजळी, मसाल्याचा वास अडकून बसतो. एक्झॉस्ट फॅनच्या पात्यावर नखाने ओरखडा काढून बघा. पिवळा, रबरासारखा पापुद्रा निघाला तर ओट्यावरच्या भिंतीतही तेच आहे.

या सगळ्यांत चिवट असतो तो तंबाखूचा धूर. विडी-सिगारेटच्या धुरातलं निकोटीन हवेत फार वेळ राहत नाही. भिंत, पडदा, गादी, प्लायवूड, जे सापडेल त्याला चिकटतं आणि नंतर थोडं थोडं परत सुटत राहतं. तंबाखू मळणाऱ्याला यातलं रसायनशास्त्र पुस्तकाविना ठाऊक आहे. तो चुना का लावतो? चुना अल्कधर्मी असतो, आणि अशा माध्यमात निकोटीन क्षाराच्या बंधनातून मोकळं होऊन झपाट्याने बाहेर पडतं. आता विडी ओढलेल्या खोलीला चुन्याची सफेदी दिली तर काय होणार? रंगाऱ्याने अख्खी भिंत मळून दिली, असंच म्हणावं लागेल. ताजं सिमेंटही तितकंच अल्कधर्मी असतं. सफेदी करून दोन आठवडे झाले आणि वास उलट वाढला, ही तक्रार वेडगळ नाही. आम्लाचा परिणाम याच्या बरोबर उलटा: आम्लामुळे निकोटीनचा क्षार बनतो, तो उडत नाही आणि पाण्यात विरघळतो. म्हणजे ओल्या फडक्याने पुसून काढता येतो. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, ते लिटरभर पाण्यात चमचा-दोन चमचे टाकून त्यात पांढरं फडकं भिजवा आणि दाराच्या चौकटीचा वरचा काठ पुसा. तिथे कुणी कधी हात लावत नाही, त्यामुळे थर शाबूत असतो. फडक्यावर चहाच्या रंगाचा चिकट पट्टा उमटला तर प्रश्न मिटला. पुसण्याआधी परवानगी घ्यायचीच.

हा प्रश्न निव्वळ वासाचा नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिलं, की पृष्ठभागावर बसलेलं निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून काही तासांतच कर्करोगकारक नायट्रोसअमाइन तयार करतं. आणि नायट्रस आम्ल घरात येतं ते गॅसच्या शेगडीसारख्या उघड्या ज्योतीतून. २०११ साली सान दिएगोत झालेला एक अभ्यास तर आपल्या विषयावरच होता. धूम्रपान करणारे घर सोडून गेले, घर सुमारे दोन महिने रिकामं राहिलं, साफसफाई झाली, आणि मग न ओढणारी कुटुंबं राहायला आली. तरीही त्यांच्या बोटांवर निकोटीन आणि मुलांच्या लघवीत त्याचे अंश इतर घरांपेक्षा जास्त सापडले. रांगणारं मूल घरात असेल तर "रंग दिला की जातं" या एजंटाच्या आश्वासनावर थांबू नका.

आपल्या शहरात या तपासाला एक आयतं यंत्र मिळतं: कूलर. उन्हाळ्यात घर पाहायला गेलात तर कूलर सुरू करायला सांगा, पाण्यासकट. हवेतला ओलावा वाढला की भिंती-कापडांवर धरून बसलेल्या संयुगांची जागा पाणी घेतं आणि ती हवेत सुटतात. कोरड्या दुपारी जे घर निर्मळ वाटलं, ते कूलर लावल्यावर पंधरा मिनिटांत बोलायला लागतं. मात्र कूलरच्या गवताच्या जाळ्या स्वतःच वर्षभराचा धूर प्यालेल्या असतात, म्हणून आधी जाळीपाशी वास घ्या, मग खोलीचा. दोष कूलरचा निघाला तर स्वस्तात सुटलात.

इथवरची तपासणी खरेदीदार एकट्याने करू शकतो. पुढची माहिती ज्याच्याकडे आहे तो भाडेकरू, आणि त्याला अडथळा समजून वागणारे खरेदीदार तिथेच हरतात. वास कुठला, कधीपासूनचा, वरच्या बिऱ्हाडातून येतो का, खालचा वडापाववाला संध्याकाळी कढई कधी ठेवतो, मागच्या मोकळ्या प्लॉटवर कचरा कोण पेटवतो, हे मालकाला माहीत नसतं, कारण तो तिथे राहत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या डेपोवर कचरा टाकायला गावकऱ्यांनी विरोध केला आणि शहराची कोंडी झाली, तेव्हा कित्येक वस्त्यांत रस्त्याकडेचे ढीग पेटवले गेले. अशा जागा भाडेकरूला नेमक्या आठवतात. पण तो बोलणार कसा? घर विकलं की आपल्याला बाहेर काढणार ही त्याची पहिली भीती, आणि वासाचं खापर फोडून आपली अनामत कापणार ही दुसरी. "दादा, तुम्हाला उठवायला आलो नाही, घर समजून घ्यायला आलोय" हे वाक्य मनापासून म्हणता येत असेल तरच म्हणा. आणि ते मालकाच्या, एजंटाच्या समोर म्हणून उपयोग नाही.

जायचं कसं, हेही ठरलेलं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २८ प्रमाणे घरमालकाला आधी सूचना देऊन, योग्य वेळी, जागेची पाहणी करता येते. हा हक्क मालकाचा. खरेदीदार त्याच्यासोबत येतो. घरात ओढू नये असं कोणताही कायदा भाडेकरूला सांगत नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून कडकपणे लागू झालेली धूम्रपानबंदी सार्वजनिक ठिकाणांपुरती आहे. करारात अट नसेल तर त्याने काही गैर केलेलं नाही, आणि आधीच्या रंगाची नोंद वा फोटो नसतील तर त्याच्या अनामतीतून रंगाचे पैसे कापण्याला आधार नाही. वासाचा खर्च मागायचा तो विकणाऱ्याकडे.

विकणाऱ्याकडे मागायलाही वेळ असते, ती इसार देण्याआधीची. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराला साध्या दक्षतेने कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. वास हा दारात उभं राहून कळणारा दोष. रजिस्ट्री झाल्यावर त्यावरून भांडायला जाल तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. म्हणून रंगाऱ्याला आणि सुताराला दाखवून खरवडणं, धुणं, प्रायमर, दोन हात रंग, फुगलेलं प्लायवूड बदलणं, यांचा लेखी अंदाज घ्या आणि तो कागद टेबलावर ठेवून किंमत बोला. "घराला वास येतो" म्हटलं की मालकाला अपमान वाटतो. आकडा दाखवला की घासाघीस सुरू होते.

भाडेकरू कोणत्या नात्याने राहतो हे साठेखताच्या आधी स्पष्ट हवं, कारण घर कधी मोकळं होणार आणि भिंती कधी हाती येणार हे त्यावर अवलंबून. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार असेल तर तो परवाना आहे. भारतीय सुखाधिकार कायदा १८८२ चं कलम ५९ म्हणतं की मालकाने जागा विकली तर नवा मालक त्या परवान्याने बांधील नसतो. म्हणून कुलूप तोडून आत शिरायची मोकळीक मिळते असं नाही. विकणाऱ्याकडूनच ताबा रिकामा करून घेणं किंवा रजिस्ट्रीच्याच सुमारास तुमच्या नावाने नवा करार करणं हे दोनच शहाणपणाचे रस्ते. गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट या जुन्या भागातली भाडेकरार नसलेली बिऱ्हाडं मात्र वेगळ्या खात्यातली. तिथली कित्येक भाडी १९५४ च्या हैदराबाद घरभाडे कायद्याच्या काळातली आहेत. तो कायदा जाऊन ३१ मार्च २००० पासून राज्यभर एकच कायदा आला, पण भाडेकरूचं संरक्षण गेलं नाही. अशा घराच्या लाकडी कड्या-पाटात तीन पिढ्यांचा धूर असेल तर तो तुमच्या हयातीत निघेल असं धरून चालू नका. भाडं मिळतं म्हणून घ्यायचं तर घ्या, स्वतः राहायला म्हणून घेऊ नका.

आणखी एका धुराला सूट नाही, तो आगीचा. एकाच खोलीत अचानक नवा रंग, बदललेली वायरिंग, कोपऱ्यात जळक्या प्लास्टिकचा उग्र दर्प असं दिसलं तर आग लागली होती का हे सरळ विचारा, अग्निशमन विभागाचा दाखला मागा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. काँक्रीट तीनशे अंशांच्या पुढे तापलं की बऱ्याचदा गुलाबी छटा धरतं असं पुस्तकं सांगतात, पण आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टच्या खडीत ती नीट दिसतेच असं नाही. हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का हे बघणारा माणूस हवा. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी रचना असेल तर वास कुठून येतो याचा माग शेवटपर्यंत काढा. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छावणीतल्या दाणा बाजारात तळमजल्यावरच्या शिवणकामाच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण गुदमरून गेले. खालच्या कढईचा वास ज्या जिन्याने, ज्या डक्टमधून वर येतो, आगीचा धूरही तीच वाट धरणार. दुसरा जिना नसेल तर किंमत कितीही कमी होवो, मी ते घर घ्या असं सांगणार नाही.

साफसफाईचा क्रम चुकला की पैसे वाया जातात. आधी पडदे, गाद्या, कूलरच्या जाळ्या, माळ्यावरचे जुने पुठ्ठे बाहेर. मग ओली धुलाई: स्वयंपाकघरातलं सुकलेलं तेल धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने, झोपायच्या खोलीतलं निकोटीन लिंबूसत्वाने. साधं डिस्टेंपर असेल तर ते पाण्याने निघून येतं, तेव्हा धुण्याऐवजी खरवडून काढा. शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर लिंबूसत्व पडू देऊ नका. ती चुनखडीच्या कुळातली, आम्लाने तिची चमक जाते. आणि आम्लासोबत ब्लीचिंगचं पाणी कधीही नको, त्यातून क्लोरिन वायू सुटतो. या शहरात नळाला कित्येक भागांत आठवडा-आठवडा पाणी येत नाही, म्हणून धुलाईचा दिवस पाण्याच्या दिवसाला जोडूनच ठरवावा लागतो, नाहीतर टँकरचा खर्च अंदाजपत्रकात धरा. भिंत पूर्ण वाळली की मग प्रायमर. पाण्यात कालवायचं साधं प्रायमर डाग आणि वास वर येऊ देतं. लाखेचं प्रायमर ते दाबून धरतं. दुकानात नाव सांगून मिळालं नाही तर फर्निचरला पॉलिश करणाऱ्याला गाठा, स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख त्याच्या रोजच्या हातातली आहे. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे काम चालू असताना शेगडी, विडी, देवातला दिवा सगळं बंद. सोय असेल तर एप्रिल-मे गाठा: दुपारभर खिडक्या लावून घर तापू द्यायचं, संध्याकाळी सगळं उघडायचं, असं काही दिवस केलं की उरलेला बराच वास फुकटात निघतो. ओझोन सोडणारी यंत्रं विकणारे अलीकडे फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. ओझोन निकोटीनशी संयोग पावून फॉर्मल्डिहाइडसारखे नवे त्रासदायक पदार्थ तयार करतो आणि स्वतः फुफ्फुसाला वाईट.

भाडेकरू आत राहत असताना हे काम करायचं म्हटलं तर एका वेळी एकच खोली घ्या, आणि त्या महिन्याच्या भाड्यात सूट स्वतःहून द्या. मागण्याची वाट पाहू नका. भाडं आता कुणाला द्यायचं याचं पत्र विकणाऱ्याच्या आणि तुमच्या सहीने त्याच्या हातात पडू द्या, नाहीतर त्याने जुन्या मालकाला बिनमाहितीत दिलेलं भाडं तुम्हाला पुन्हा मागता येत नाही. त्याची अनामत विकणाऱ्याकडून तुमच्याकडे आली, हे खरेदीखतातच लिहून घ्या. नव्या कराराची नोंदणी करणं ही मालकाचीच जबाबदारी आहे आणि ती टाळली तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय अटींबाबत वाद झाला तर भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं. त्यामुळे बॉण्डवर लिहून नोटरी केली की झालं, ही आपल्याकडची सवय या बाबतीत फार महागात पडते. नव्या करारात घरात धूम्रपान नाही, बंब नाही, कॉइल नाही असं लिहिता येईल, पण कॉइल बंद करायची तर खिडक्यांना जाळ्या तुम्ही बसवून द्यायला हव्यात. गॅलरीत ओढायची मुभा ठेवत असाल तर ती गॅलरी वरच्या बिऱ्हाडाच्या खिडकीखाली येते का, हे सही करण्याआधी खाली उभं राहून बघून घ्या.